गिरसप्पा नावाच्या गावात धबधबा नाही

मी आगाऊ पैसे पाठवायच्या बेतात होते, तेवढ्यात पलीकडच्या माणसाने विचारलं, "मॅडम, तुम्हाला जोगचा धबधबा बघायचाय ना? मग आमच्याकडे कशाला राहता?"

गल्लत नावाने केली होती. आमच्या पिढीने तो धबधबा 'गिरसप्पाचा धबधबा' म्हणूनच पाठ केला. भारतातला सर्वांत उंच धबधबा कोणता, या प्रश्नाचं उत्तरही तेच लिहायचं. आता तेही उत्तर राहिलं नाही. कर्नाटकातल्या त्याच शिवमोग्गा जिल्ह्यातला कुंचिकल धबधबा ४५५ मीटरचा, म्हणून हल्लीच्या याद्यांत तो वर असतो. पण तो पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो, आणि जोगची राजा नावाची धार एका झेपेत २५३ मीटर खाली येते. असो. मी नकाशात 'गिरसप्पा' टाकलं, शरावती नदीच्या काठी गेरुसोप्पा नावाचं गाव निघालं, तिथे नदीसमोर स्वच्छ खोली मिळत होती, दर परवडणारा होता. धबधबा त्या गावात नाही. तो घाट चढून तीसेक किलोमीटर वर आहे. गेरुसोप्प्याला पोचेपर्यंत नदी पडून-आपटून शांत झालेली असते, होन्नावरला समुद्राला मिळायच्या वाटेवर. सोळाव्या शतकात तिथे चेन्नभैरादेवी राज्य करायची, पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणायचे, एवढं मोठं ते नाव. म्हणून वरचा धबधबासुद्धा तिच्या गावाच्या नावाने ओळखला गेला.

त्या माणसाने स्वतःचं गिऱ्हाईक घालवलं. पुढच्या तीन आठवड्यांत मी बऱ्याच जणांशी बोलले, पण न विचारता खरं सांगणारा तो पहिला आणि जवळजवळ शेवटचाच.

आम्ही चौघं. मी, हे, दहावीतली लेक आणि सासूबाई. आईंना चौऱ्याहत्तरावं चालू आहे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ऑगस्टात जोडून तीन दिवस सुट्टी येत होती. कोल्हापूरहून बेळगाव, हुबळी, शिरसी, सिद्दापूर करत जोग साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे गाडीने एका दिवसात पोचता येतं. ऑगस्टच का, तर जो तो सांगत होता, पाणी बघायचं तर पावसात जा. हे सगळे सल्लागार स्वतः दिवाळीच्या सुट्टीत गेलेले होते, ते मला नंतर कळलं.

मुक्काम ठरवायला बसलो तेव्हा घरात चार पक्ष होते. ह्यांना समुद्र हवा होता. होन्नावर किंवा मुर्डेश्वरला राहू, एक दिवस वर जाऊन धबधबा बघून येऊ. समुद्र हे वरवरचं कारण, खरं कारण ताटातला मासा. ऑगस्टात समुद्राला उधाण असतं, हे मी सांगून पाहिलं. "मासा ताटात असतो, समुद्रात नाही," हे उत्तर आलं. लेकीला खोलीच्या खिडकीतून धबधबा हवा होता, म्हणजे फोटो अंथरुणातून निघाला पाहिजे. आईंच्या अटी दोनच: कमोड आणि जिना नको. मला रात्री पडल्यापडल्या पाण्याचा आवाज ऐकायचा होता. चारही मागण्या एका छताखाली कुठे मिळतात का, हे मी जेवणं उरकल्यावर रोज तासभर शोधत होते.

लेकीच्या मागणीपासून सुरुवात केली, कारण ती सगळ्यात सोपी वाटली. 'फॉल्स व्ह्यू' लिहिलेल्या जागा ढिगाने होत्या. एकाला फोन लावला.

"खोलीतून व्ह्यू आहे का?"

"आहे ना मॅडम. फुल व्ह्यू."

"धबधब्याचा?"

"व्ह्यू आहे मॅडम. झाडं, डोंगर, सगळं."

दुसऱ्याने सांगितलं, धबधबा दिसतो, पण गच्चीवरून, आणि गच्चीला पावसाळ्यात कुलूप असतं. तिसऱ्याकडे खोल्यांचीच नावं राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट होती, जोगच्या चार धारांवरून. 'राणी व्ह्यू' म्हणजे काय, तर राणी नावाच्या खोलीला मोठी खिडकी होती. मी चिडले नाही, हसायलाच आलं. फोटो नीट बघायला मात्र तिथे शिकले. धबधब्याचा फोटो आणि खोलीचा फोटो शेजारी-शेजारी लावला की आपलं डोकं आपोआप त्या दोघांच्या मध्ये खिडकी बसवतं. एकाच फोटोत पलंगाची कड आणि पाणी दोन्ही दिसत असेल तरच ते खोलीतून दिसतं. असा फोटो मला एकही सापडला नाही.

अगदी धबधब्याशी राहायचं तर कर्नाटक पर्यटन महामंडळाचं हॉटेल आहे. त्याचं नाव मयूर गेरुसोप्पा. म्हणजे गेरुसोप्पा नावाचं गाव धबधब्यापासून तीस किलोमीटरवर, आणि गेरुसोप्पा नावाचं हॉटेल धबधब्याजवळ. मी पुन्हा एकदा नकाशा तपासला. ते आमच्या तारखांना भरलेलं होतं, तीन आठवडे आधी. जोडून सुट्टी आम्हाला एकट्यांनाच नव्हती.

दुसरी भीती कोल्हापूरच्या माणसाला सांगावी लागत नाही. ऑगस्टात आमच्याकडे लोक सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की पाहुण्यांचे फोन येतात. ऐन वेळी महामार्गावर पाणी आलं तर आम्ही गावातच अडकणार, आणि खोलीचे पैसे जाणार. म्हणून प्रत्येकाला मी आधी एकच विचारत होते, पुरामुळे आलो नाही तर काय? बहुतेकांचं उत्तर, "पुढच्या वेळी या मॅडम, ॲडजस्ट करू." पुढची वेळ कोणती, ते कोणी सांगेना.

याच फोनाफोनीत एक होमस्टे लागला होता. सुपारीच्या बागेतलं घर, धबधब्यापासून सहा किलोमीटर, दर माणशी, दोन वेळचं जेवण धरून. फोटो अगदी गचाळ. एकात अंगण, एकात गाय, एकात अंधार. मालक धारवाडला कॉलेजात असताना मित्रांकडून शिकलेलं मराठी बोलत होते, शब्द कानडी हेल काढून.

"काका, धबधबा दिसेल ना?"

"ते माझ्या हातात नाही."

"म्हणजे पाणी नाही?"

"पाणी भरपूर आहे. दिसेल का, ते वारा सांगेल. तुम्ही किती दिवस आहात?"

"दोन रात्री."

"मग दिसेल बहुतेक. एक दिवस असता तर मी नको म्हटलं असतं."

मला हे उत्तर आवडलं नाही, खरं सांगते. पैसे घेणाऱ्या माणसाने जरा उत्साह दाखवायला नको का? मी 'कळवते' म्हणून फोन ठेवला आणि यादीतून ते नाव खोडलं.

शेवटी ठरलं सागर. धबधब्यापासून तीस किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव, लिफ्ट असलेलं लॉज, कमोड, गरम पाणी, खाली खाणावळ, जवळच इक्केरी आणि केळदीची जुनी देवळं. पहिल्या रात्रीसाठी आदल्या दिवशीपर्यंत रद्द करायची सोय होती, दुसऱ्या रात्रीसाठी नव्हती. ते बारीक अक्षरात होतं आणि मी वाचलं नाही. "तीस किलोमीटर म्हणजे काय, जोतिबाच्या दीडपट," हे म्हणाले. मलाही पटलं. रस्त्यावर तेवढं अंतर आपण रोज कापतो.

पूर आला नाही. शिरसीनंतर पाऊस लागला, तो काचेवर मारत नव्हता, काचेला चिकटून बसला होता. दुपारी चारच्या सुमारास जोगला पोचलो. गाडी लावली, तिकीट काढलं, छत्र्या उघडल्या, कठड्याशी गेलो.

समोर काहीच नव्हतं. पांढरं. धुकं म्हणतात तसं विरळ नव्हे, चुन्याने सारवलेल्या भिंतीसारखं. आवाज मात्र असा, की बोललेलं ऐकू येत नव्हतं. समोर काहीतरी प्रचंड चाललंय आणि आपल्याला पडद्याबाहेर उभं केलंय, तसं वाटत होतं. शेदीडशे माणसं कठड्याला टेकून त्या पांढऱ्याकडे बघत होती, कोणी फोटो काढत होतं. कशाचे, देव जाणे. कणीस भाजणारा एकजण प्रत्येकाला हिंदीत सांगत होता, "दस मिनट रुको, खुलेगा." त्याच्याकडे चार कणसं झाली. आई गाडीत बसून होत्या. पाऊण तासाने परत आलो तर म्हणाल्या, "झालं बघून?"

अंधार पडायच्या आत घाईने निघालो. ते तीस किलोमीटर जोतिबाच्या दीडपट नव्हते. धुक्यात पुढचं वाहन दिवा लागल्यावरच दिसायचं, तासाहून जास्त लागला. लॉज उत्तम होतं, तक्रारीला जागा नाही. गरम पाणी, कोरडी चादर, लिफ्ट. फक्त ज्यासाठी आलो ते तिथे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून पुन्हा तीस किलोमीटर. पुन्हा पांढरं. दीड तास उभे राहिलो, लेकीचे बूट भिजले, ह्यांनी घड्याळ पाहिलं. परत निघालो, तळगुप्प्याला चहाला थांबलो. पुढे रेल्वे जात नाही, तिथेच संपते. त्या टपरीवर जोगकडून आलेला एक ड्रायव्हर सांगत होता, साडेअकराला लख्ख उघडलं होतं, चारही दिसले, पाच-सात मिनिटं. आम्ही अकरा वाजून दहा मिनिटांनी निघालो होतो.

त्या टपरीवर मला माझी चूक कळली. मी किलोमीटर मोजत होते, मोजायला हव्या होत्या फेऱ्या. पावसाळ्यात हा धबधबा एकदा जाऊन बघायचा नसतो. जायचं, बघायचं, नाही दिसलं तर परत यायचं, कोरडं व्हायचं, चहा प्यायचा, पुन्हा जायचं. तीसवर राहिलं की दिवसाला एक फेरी होते, फार तर दोन, आणि मग कठड्याशी उभं राहून माणूस परतीच्या रस्त्याचा विचार करतो. पाचसहावर राहिलं की चार फेऱ्या होतात. खिडकीतला व्ह्यू, आवाज, समुद्र, हे सगळं त्याच्यापुढे फुकट. खिडकीतून दिसला असता तरी पांढराच दिसला असता.

खोडलेलं नाव वहीतून शोधून काढलं आणि फोन लावला. काकांनी मागचं काही विचारलं नाही. "या. किती जण? आजींना भात मऊ लागतो का?" सागरच्या दुसऱ्या रात्रीचे पैसे गेले. नियमात होतं, आमचं बोलायचं तोंड नव्हतं. ह्यांनी ते पैसे माश्यांच्या हिशोबात बदलून सांगितले, मी ऐकून घेतलं.

घर फोटोपेक्षा कितीतरी बरं होतं, म्हणजे फोटो काढणाऱ्याला अंगणाशिवाय काही सुचलं नव्हतं एवढंच. कौलारू, पुढे लांब पडवी, सभोवती सुपारीची बाग, सुपारीवर चढवलेल्या मिरीच्या वेली. दोन पायऱ्या चढाव्या लागत होत्या, त्या आई काकूंच्या खांद्याला धरून चढल्या. कमोड होता. हे फोटोत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. पहिल्या फोनवर धबधबा दिसेल का, एवढंच विचारून मी मोकळी झाले होते. म्हातारं माणूस बरोबर असेल तर आधी पायऱ्या, कमोड आणि रात्री दिवे गेल्यावर काय, हे विचारायला हवं. दिवे रात्री गेलेच, दोनदा. काकांनी पडवीत कंदील ठेवला होता.

न्हाणीघरात तांब्याचा मोठा हंडा चुलवणात बसवलेला, खाली सुपारीची सालं जळत होती. पाणी असं कढत, की आईंनी दोन तांबे डोक्यावर घेतले आणि न्हाणीघरातूनच ओरडून सांगितलं, "आता मला इथेच ठेवा." लॉजमधल्या गीझरबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

जेवण हव्यक ब्राह्मणांचं, म्हणजे ह्यांच्या आशेवर पाणी. केळीच्या पानावर भात, ताकातली तंबळी, सार आणि अप्पेमिडीचं लोणचं, म्हणजे रानातल्या लहान कैऱ्यांचं, देठासकट घातलेलं. हे पहिल्या घासाला गप्प होते. तिसऱ्या वाढणीला त्यांनी लोणच्याची बरणी विकत मिळेल का विचारलं. सकाळी चहाच्या आधी कषाय मिळालं, धण्या-जिऱ्याचं दूध घातलेलं. लेकीला ते औषध वाटलं, पण प्याली.

सगळंच गोड नव्हतं. अंथरूण थंड आणि किंचित दमट होतं, तिथे पावसाळ्यात ते तसंच असतं. भिजलेले कपडे चुलीजवळ टांगले तरी सकाळी धुराच्या वासाचे आणि अर्धे ओले निघाले. माझा मोबाइल अंगणाच्या एका कोपऱ्यातच बोलायचा. लेक बागेत दहा पावलं गेली आणि पायाला तीन जळवा घेऊन आली. काकूंनी मिठाची पुरचुंडी दाबली, जळवा गळून पडल्या, लेक अर्धा तास रडली आणि मग तिन्हीचे फोटो तिने मैत्रिणींना पाठवायला कोपरा गाठला. ज्याला हे चालत नाही त्याने खरंच सागरला राहावं.

संध्याकाळी साडेपाचला, वाटेत कोरडे होऊन आलेले असल्यामुळे, आम्ही तिसऱ्यांदा कठड्याशी गेलो. आईंना घरीच ठेवलं. काकूंबरोबर त्यांचं काहीतरी चाललं होतं. काकूंना मराठी येत नाही आणि आईंना कानडी. दोन मिनिटं फक्त राणी दिसली, कातळावरून फेसाळत घरंगळणारी, आणि मिटली. तेवढ्यावर आम्ही नाचलो. पंधरा मिनिटांत घरी, पडवीत, हातात चहा. तेव्हाच मला वाटलं, जागा बरोबर निवडली.

रात्री काकांनी धबधब्याचं गणित सांगितलं. वर सहा किलोमीटरवर लिंगनमक्की धरण आहे, १९६४ चं. ते भरलं की, म्हणजे पाणी १८१९ फुटांच्या पातळीला आलं की, दरवाजे उघडतात आणि मग राजा-राणी वेगळे ओळखू येत नाहीत, सगळी भिंतच कोसळते. तोवर धबधब्याला येतं ते बरंचसं धरणाच्या खालच्या डोंगरातलं पाणी. आणि पाऊस संपला की नदी विजेकडे वळते. उन्हाळ्यात येणाऱ्याला कातळ दिसतो आणि त्यावर दोनतीन दोऱ्या लोंबताना. "एप्रिलमध्ये लोक माझ्याकडे दोन रात्री राहतात," काका म्हणाले. "मी सांगतो, एक तास पुरे. ते म्हणतात, नाही, आम्ही धबधब्यासाठी आलोय."

मी विचारलं, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये? तेव्हा हवा स्वच्छ, पाणी अजून शिल्लक, धबधबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा. तेव्हा मुक्काम कुठेही केला तरी चालतं, मुर्डेश्वरहून सकाळी निघून दुपारी परत गेलात तरी. हे कान देऊन ऐकत होते. म्हणजे समुद्राचा पक्ष चुकलेला नव्हता, महिना चुकला होता. आधी महिना ठरवायचा आणि मग मुक्काम, हे मी उलटं केलं होतं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला घरी येऊनही पुरली. धबधब्याच्या एका अंगाला शिवमोग्गा जिल्हा, दुसऱ्या अंगाला उत्तर कन्नड. राज्य पुनर्रचना झाली १९५६ साली, त्याआधी उत्तर कन्नड मुंबई राज्यात होता. म्हणजे अलीकडे म्हैसूर संस्थान, पलीकडे मुंबई इलाखा, आणि मध्ये ही चार धारांची सरहद्द. पलीकडच्या काठावरच्या जुन्या विश्रामगृहाला लोक अजून 'बॉम्बे बंगला' म्हणतात. "एकेकाळी तुम्ही तुमच्याच इलाख्यातून बघितला असता," काका म्हणाले. तो बंगला सरकारी आहे, मिळाला तर नशीब. मला नुसतं तेवढं ऐकूनही बरं वाटलं. शाळेत 'गिरसप्पा' म्हणून पाठ केलेलं नाव आपल्याकडे एवढं रुळलं कसं, याचं एक उत्तर तिथे असावं, असा माझा अंदाज. काकांना विचारलं तर म्हणाले, "असेल."

रात्री पाण्याचा आवाज ऐकू आला नाही. सहा किलोमीटर त्याला फार होतात. बेडूक आणि कौलांवरचा पाऊस, बस.

सकाळी पावणेसातला चौथी फेरी. पांढरं. कणीसवालासुद्धा आला नव्हता. परत येऊन आंघोळी, नीर डोसे, सामान बांधणं. नऊपर्यंत निघायचंच, असं ह्यांनी रात्रीच बजावलं होतं, पुढे साडेतीनशे किलोमीटर होते. लोणच्याच्या दोन बरण्या डिकीत गेल्या. आई पडवीतून उठायला वेळ लावत होत्या, काकूंनी त्यांच्या पिशवीत मिरीची पुडी घातली होती आणि त्या ती परत काढून काकूंच्या हातात देत होत्या, दोघी आपापल्या भाषेत भांडत होत्या. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांचा भाचा तिथल्या पार्किंगपाशी चहा विकतो. काका एकच शब्द बोलले आणि आमच्याकडे वळले, "उघडलंय. पळा."

सहा किलोमीटर हे कसे गेले ते मला आठवत नाही. आई उतरायला तयार नव्हत्या. "तुम्ही बघा. मी तीन दिवस पांढरंच बघतेय, गाडीतनं पण दिसतं." लेकीने दार उघडून हात धरला आणि जवळजवळ ओढतच कठड्यापाशी आणलं.

चारही होते. राजा सरळ, कुठेही न टेकता, इतका सावकाश पडत होता की पाणी पडतंय असं वाटेना, कोणीतरी वरून पातळ लांब धोतर सोडतंय असं वाटत होतं. शेजारी रोअरर कातळातून आडवा धावत येऊन घुसत होता. रॉकेटच्या धारेतून मधेच पाण्याचे गोळे सुटायचे आणि खाली जाताजाता विरून जायचे. राणी कालच्याच जागी, पण काल तिचा नुसता पदर दिसला होता. खाली दरीत तळ दिसत नव्हता, तिथून पांढरं हळूहळू वर यायला लागलं होतं. लेक व्हिडिओ काढायचं विसरली. ह्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

"चारच?" आई म्हणाल्या.

कोणी उत्तर दिलं नाही.

"हे बारकं, ह्याचं नाव काय म्हणालीस?"

"रॉकेट, आजी."

"शोभत नाही." मग बऱ्याच वेळाने, कठड्याला दोन्ही हात टेकून, "थांबा रे जरा. एवढी काय घाई आहे?" घाई कोणीच केली नव्हती.

खालून वर येणारं पांढरं आधी रॉकेटला भिडलं, मग राणीला. राजाचा वरचा टोकाचा भाग तेवढा शिल्लक होता, तोही गेला. अकरा मिनिटं झाली होती, हे लेकीने नंतर सांगितलं.

आम्ही गाडीकडे वळलो तेव्हा एक मोठं कुटुंब पार्किंगमधून धावत येत होतं, पुण्याच्या पासिंगची गाडी, डोक्यावर प्लास्टिकच्या टोप्या. ते कठड्याशी पोचले आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. कणीसवाला शेगडी पेटवत होता. "दस मिनट रुको," तो म्हणाला.

"दहा मिनिटं कसली," त्यांच्यातला एकजण बायकोला म्हणाला, "मुर्डेश्वरहून आलोय, दुपारच्या आत परत पोचायचंय."